परशुरामाचं हिमालयातलं पाणी

परशुराम धुरी हिमालयात कधी गेलेला नाही. त्याचा सगळ्यात लांबचा प्रवास कोल्हापूरपर्यंतचा, आणि तोही बाटल्यांवरची लेबलं छापून आणायला. एवढं जाऊन अंबाबाईचं दर्शनसुद्धा न घेता तो परत आला, कारण लेबलांचा गठ्ठा जड होता. त्या लेबलावर बर्फाचा एक डोंगर आहे, डोंगरामागे सूर्य आहे आणि पायथ्याशी, का कोण जाणे, एक हंस पोहतो आहे. खाली निळ्या अक्षरांत लिहिलंय 'हिमानंदी'. यातलं 'हिम' त्यानं त्या डोंगरावरून घेतलं आणि आनंदी ही त्याची बायको. आनंदीनं आयुष्यात बर्फ पाहिला असेल तर तो मासळीच्या पेटीतला.

आमची वाडी धामापूरच्या अलीकडे, सड्याच्या पायथ्याला आहे. सडा म्हणजे वरचं काळं कातळाचं पठार. पावसाळ्यात तो सगळं पाणी पिऊन घेतो आणि मग वर्षभर पायथ्याशी थोडं थोडं सोडतो. त्याचा एक झरा धुऱ्यांच्या पोफळीच्या बागेत येतो आणि तिथल्या विहिरीत उतरतो. विहिरीला आम्ही बाव म्हणतो. ही बाव धुऱ्यांच्या सगळ्या घरांची सामायिक, पण पाणी भरायला कुणालाच कधी मनाई नव्हती. मी लग्न होऊन या वाडीत आले तेव्हा सासूबाईंनी मला आधी बाव दाखवली आणि मग देव्हारा.

परशुरामाची ओळख नीट करून द्यायची तर त्याच्या उद्घाटनांपासून सुरुवात करावी लागेल. या माणसाला धंद्यापेक्षा धंद्याच्या उद्घाटनाची हौस जास्त. तरुणपणी त्यानं सशांची पैदास काढली. फीत कापली, भाषण केलं, पेढे वाटले. ससे पहिल्याच पावसात मेले. मग काजूच्या बोंडांचं सरबत काढलं. ते बाटलीत आंबून बुचं उडायला लागली आणि त्याच्या घरात दिवाळी नसतानाही आवाज होऊ लागले. मग कोरफड लावली. कोरफडीला कुणी गिऱ्हाईक मिळालं नाही, ती अजून त्याच्या बांधावर माजलेली आहे. प्रत्येक वेळी फीत मात्र नवी होती, आणि कापायला तालुक्यातला कुणीतरी टोपीवाला होता.

एकदा हा कोकम आगळ पोचवायला मालवणात बंदराजवळच्या एका हॉटेलात गेला. तिथे मागच्या दारी रिकाम्या पाण्याच्या बाटल्यांचा ढीग पडला होता. लोक पाणी विकत घेतात, हे ज्ञान त्याला त्या ढिगासमोर उभं राहून झालं. तोवर वय पन्नाशीला टेकलं होतं. घरी येऊन त्यानं आनंदीला विचारलं, "आपल्याकडे काय आसा?" ती बिचारी म्हणाली, "काय नाय." तर हा म्हणाला, "खुळा गो तू, पाणी आसा!" तेव्हापासून आम्ही सगळे त्या शोधाची फळं भोगतो आहोत.

आता सुभद्राकाकी. परशुरामाच्या चुलतभावाची, भाईची, ही विधवा. तिचं घर बावीच्या अगदी खालच्या अंगाला. भाई गेल्यापासून ती एकटीच राहते. मुलगी संचिता डोंबिवलीला नवऱ्याकडे. काकीचं सगळं जग म्हणजे ते घर, मागची थोडी पोफळ आणि ती बाव. तिच्या दारात कुणीही आलं, पोस्टमन आला, काजू विकत घेणारा आला, चुकून पत्ता विचारायला कुणी आलं, तरी काकी तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा समोर ठेवणार. पाहुणा पिऊन होईपर्यंत ती खांबाला टेकून उभी राहते. आणि त्यानं "पाणी गोड आसा हां" म्हटल्याशिवाय त्याला सोडत नाही. काही लोक उन्हातान्हात गुळाच्या आशेनंच यायचे, हे मला माहीत आहे, पण मी काकीला कधी सांगितलं नाही.

काकीची जीभ कोयत्यासारखी. परशुराम लहान असताना तिनंच त्याला कडेवर वागवलेलं, त्यामुळे ती त्याला 'पर्शा' म्हणते आणि तो मोठा झाला आहे हे ती आजवर मानायला तयार नाही. मला विचाराल तर तिचं बरोबर आहे.

तर परशुरामानं बावीच्या वरच्या अंगाला, सड्याच्या अगदी पायथ्याशी, चिऱ्याच्या भिंतींची आणि पत्र्याची एक शेड बांधली. वरून सड्यावर बोर मारली. यंत्र आलं. त्याचा आवाज ऐकून काकीची म्हैस आठवडाभर दूध आवरून बसली. वरच्या बोरीपासून शेडपर्यंत काळा पाइप आला, अख्ख्या वाडीला दिसेल असा, मुद्दाम पायवाटेच्या कडेकडेनं. उद्घाटनाला सत्यनारायण झाला. परशुरामानं भाषण केलं, तेही शुद्ध मराठीत, कारण मागे फलक होता आणि फलकासमोर मालवणी बोलणं त्याला कमीपणाचं वाटतं. "सामायिक बावीच्या पाण्याला आम्ही हात लावणार नाही. आमचं पाणी हे खोल भूगर्भातील असून ते अत्याधुनिक पद्धतीने शुद्ध केलं जाईल." आम्ही टाळ्या वाजवल्या. प्रसादाचा शिरा चांगला झाला होता, हे मी मान्य करते.

ते यंत्र काय करतं हे मी एकदा आत जाऊन पाहिलं. पाण्यात जी काही चव असते ती ते आधी सगळी काढून टाकतं. मग परशुराम एका छोट्या बाटलीतून थेंब थेंब काहीतरी परत घालतो. मी विचारलं, "ह्या काय ता?" तो म्हणाला, "खनिजं." मी म्हटलं, "मग आधी काढलास कित्याक?" त्यावर त्यानं माझ्याकडे अशा दयेनं पाहिलं की जणू मी शाळेत जायची राहून गेले. काढून टाकलेलं पाणी मागच्या बाजूनं व्हाळात, म्हणजे ओढ्यात, सोडलेलं असतं. तिथे म्हशी डुंबतात. जेवढं बाटलीत जातं त्यापेक्षा जास्त म्हशींना मिळतं, त्यामुळे या सगळ्या प्रकारात समाधानी कुणी असेल तर त्या म्हशी.

पहिल्या वर्षी वाडीनं त्याची टिंगल केली. "पाणी कोण इकत घेतला मेल्या?" असं जो तो म्हणायचा. मग माझ्या शेजारच्या घरात लग्न निघालं. मुंबईहून पाहुणे येणार होते, आणि मुंबईच्या पोटांचा आपल्याकडे केवढा धाक! वर्षभर टाकीतलं आणि टँकरचं पाणी पिणारी ही पोटं गावात उतरली की एकदम नाजूक होतात. मांडवात हिमानंदीचे जार लागले. ज्यांनी जन्मभर बावीच्या काठावर ओंजळीनं पाणी प्यायलं, ते कागदाचे पेले घेऊन जारच्या नळासमोर रांगेत उभे राहिले. त्यानंतर बारसं असो, बारावं असो, जार पाहिजेच. जार नसेल तर घरात काहीतरी कमी आहे असं लोकांना वाटायला लागलं. एकीनं तर गौरीला नैवेद्याच्या ताटापाशी छोटी बाटली ठेवली होती, बूच न काढता.

आणि दुसऱ्या उन्हाळ्यात बाव आटायला लागली.

आमची बाव उन्हाळ्यात खाली जायची, पण तिचा तळ कुणी पाहिला नव्हता. त्या वर्षी शिमगा झाला आणि काकीनं राजूला गाठ मारून लांब केलं. राजू म्हणजे कळशीचा दोर. मग आणखी एक गाठ. मग कळशीत पाण्याबरोबर लाल गाळ यायला लागला. नळयोजनेचा नळ काकीच्या दारात आहे, त्याला तोटीही आहे, पण पाणी गणपती-दिवाळीलाच येतं, तेही पुढारी गावात असेल तर. पोफळीची झाडं वरून पिवळी पडली. काकी तोंड धुतलेलं पाणी घालून ती जगवत होती. परशुराम शेडच्या दारात उभा राहून हळहळायचा, "काय करतलास वयनी, हवामानच बदाललाहा." आणि वर सड्याकडे, त्या काळ्या पाइपाकडे, आपल्या भूगर्भाकडे अभिमानानं पाहायचा.

संचिता रोज फोन करायला लागली. "आई, घर बंद कर आणि इकडे ये. पाणीच नाही तर राहणार कशी?" तिचं चूक नव्हतं. आमच्याकडे घरं अशीच बंद होतात. एकदा कुलूप लागलं की पहिल्या पावसाळ्यात कौलं सरकतात, दुसऱ्यात वासे जातात आणि मग तुळस तेवढी कुणाच्या तरी कृपेनं उगवत राहते. काकीला हे माहीत होतं. ती मला म्हणाली, "शर्मिले, मे म्हयनो सरापर्यंत बघतय. झरो इलो तर ऱ्हवतलय. नायतर जातय डोंबिवलीक, चौथ्या माळ्यार मराक." एवढं बोलून ती कधी नव्हे ती गप्प बसली. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. तिच्यासारखी बाई गप्प बसली की वाडीतला उजेडच कमी होतो.

परशुरामानं उदारपणा दाखवला. काकीला रोज एक जार फुकट. तो देताना चार माणसं बघतील याची काळजी घ्यायचा आणि "आमची वयनी आसा, तिका आमी तान्लेली ठेवचव नाय," असं मोठ्यानं म्हणायचा. काकीनं तो जार कोंबड्यांना घातला. कोंबड्यांनी चोच बुडवून मान झटकली, असं ती सगळ्यांना सांगत असे. मी काही ते पाहिलेलं नाही, पण कोंबड्यांचा मान राखून विश्वास ठेवला.

वैशाख लागला आणि परशुरामाचंही पाणी कमी झालं. यंत्र मध्येच घरघरून बंद पडायला लागलं. मालवणच्या हॉटेलांचे फोन यायला लागले. पर्यटकांचा भर हंगाम, आणि हिमालय कोरडा! या माणसानं अधिकाऱ्यांना फसवलं असतं, हॉटेलवाल्यांना फसवलं होतं, आम्हाला तर फसवलंच होतं. पण बावीच्या राखणदाराला तो भितो. आमच्याकडे प्रत्येक जागेला राखणदार असतो. दिसत नाही, पण त्याची वर्षाची राखण म्हणजे नारळ आणि कोंबडा चुकला तर तो हिशेब ठेवतो असं सगळे मानतात. भूगर्भावर आणि अत्याधुनिक पद्धतींवर भाषणं देणारा परशुराम संध्याकाळी शेडच्या कोपऱ्यात राखणदाराला विडी ठेवायचा.

तो महादू घाड्याकडे गेला. महादू देवाला कौल लावतो. म्हणजे पाषाणाला ओल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. परशुरामानं विचारलं, झरा वाढेल का? डावी पडली. परत विचारलं, परत डावी. महादू म्हणाला, "खरा सांगल्याशिवाय राखणदार हलाचो नाय. गाऱ्हाण्यात उघड सांग." आता महादूचं हे वाक्य ठरलेलं आहे. गाभण म्हशीचं विचारायला गेलात तरी तो हेच सांगतो, कारण प्रत्येकाचं काहीतरी लपवलेलं असतंच आणि तीर नेहमी लागतो. पण परशुरामानं त्या संध्याकाळी शेडच्या कोपऱ्यात एकाऐवजी दोन विड्या ठेवल्या.

गाऱ्हाणं म्हणजे काय ते सांगायला हवं. देवापुढे उभं राहून सगळ्यांच्या वतीनं मोठ्यानं मागणं मागायचं, एका दमात, भराभर. शेवटी 'रे महाराजा' म्हणून थांबायचं. ते थांबलं की जमलेले सगळे हात जोडून ओरडतात, "व्हय महाराजा!" आणि गंमत अशी की मधलं कुणी ऐकत नाही. लहानपणापासून आमचे कान फक्त ते थांबणं ऐकतात. मधे काय मागितलं ते मागणाऱ्याला ठाऊक आणि देवाला. शिवाय राखणीला नंतर कोंबडी-वडे असतात, त्यामुळे जमलेल्यांचं अर्धं लक्ष चुलीकडे असतं.

परशुरामानं नेमकं हेच ओळखलं. देवासमोर खोटं बोलता येत नाही, पण माणसांना ऐकू न येईल असं खरं बोलता येतं! आयुष्यभर ज्याला एक धंदा जमला नाही, त्याला ही युक्ती मात्र सुचली. त्यानं अख्ख्या वाडीला राखणीचं आमंत्रण दिलं, कोंबडे नेहमीपेक्षा जास्त आणले, आणि "औंदा गाऱ्हाणा मीच घालतय" म्हणून महादूला बाजूला बसवलं.

सकाळी सगळी वाडी बावीवर जमली. पुरुष पुढे, आम्ही बायका मागे. सुभद्राकाकी बावीच्या कठड्याला हात लावून उभी होती. परशुरामानं नवा पांढरा सदरा घातला होता. नारळ ठेवला, अगरबत्ती लावली आणि सुरू झाला.

"बा राखणदारा, बारा वयवाटीच्या महाराजा! आज ही तुझी लेकरा तुझ्या पायाकडे जमली आसत, वर्साची राखण तुका देतत, ती मान्य करून घे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"वाडीतली गुरा-ढोरा, पोरा-बाळा, मुंबैक गेलेली लेकरा, सगळ्यांच्या पाठीशी ऱ्हव रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

मग त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि असा सुटला की मधे जिभेला गाठ कशी पडली नाही याचं मला अजून नवल वाटतं. "कोणाच्या मनात काय वाकडा असात ता सरळ कर, खंय पाय चुकलो असात तर पदरात घे, सड्यावरची बोर कोरडी गेली म्हणान तुझ्या ह्या लेकरान कारखान्याच्या भुयखाली खड्डो मारून तुझो झरो बावीत येवच्या आदीच भित घालून अडवलो, ता पोटात घाल, झऱ्याक दुप्पट बरकत दी, इडा-पिडा वेशीभायर काढ रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळी वाडी ओरडली. माझा नवरा जितेंद्र तर इतक्या जोरानं ओरडला की शेजारच्याच्या हातातलं तबक हललं. ज्या बावीच्या नावानं हे लोक दोन महिने बोंबलत होते, ती कुणी आटवली हे त्यांच्या तोंडावर सांगितलं गेलं, आणि यांनी हात जोडून संमती दिली. मी ओरडले नाही, पण त्यात माझं काही शहाणपण नाही. माझ्या तोंडात सुपारीचं खांड होतं.

परशुरामाचा चेहरा बघण्यासारखा झाला. देवाला सगळं सांगून झालं होतं आणि कुणाला काही कळलं नव्हतं. वर अख्ख्या वाडीचा होकार पदरात पडला होता. त्यानं सदऱ्याच्या बाहीनं कपाळ पुसलं आणि तो कोंबडा धरायला वाकला.

"थांब रे पर्शा," सुभद्राकाकी म्हणाली.

ती कठडा सोडून पुढे आली. तिनं ऐकलं होतं. सगळ्या वाडीत फक्त तिनं ऐकलं होतं, कारण ते तिच्या पाण्याचं गाऱ्हाणं होतं आणि त्यावर ती गावात राहणार की डोंबिवलीला जाणार हे ठरायचं होतं. मला वाटलं आता ती त्याची साल काढणार. पण तिचा आवाज लोण्यासारखा मऊ होता. "माझी पण चार अक्षरा ऱ्हवलीहत. सांगान घेतय." बायकांनी गाऱ्हाणं घालायची आमच्याकडे पद्धत नाही. महादूनं मान वर केली, पण भाईची विधवा, वयानं मोठी, नाही कोण म्हणणार? परशुराम तर तेव्हा इतका खुशीत होता की त्यानं स्वतः बाजूला सरून तिला जागा दिली.

काकीनं पदर खोचला. "बा राखणदारा महाराजा! तुझी लेकरा जेवक बसतली, तेंच्या पानातला गोड करून घे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"धुऱ्यांचो वंश वाढव, परशुरामाच्या धंद्याक यश दी, तेचा नाव चार तालुक्यात होव दी रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" यावेळी परशुरामाचा आवाज सगळ्यांच्या वर होता. डोळे मिटलेले, हात जोडलेले, अगदी भक्तीनं. आणि काकीनं त्याच्याच चालीत, त्याच्यापेक्षाही भराभर पुढचं सोडलं. "आणि धुऱ्यांतलो जो कोण तुझो झरो अडवून बसलोहा तो उद्या सकाळी आपल्या हातान ती भित फोडतलो, पाणी बावीत सोडतलो, परत ह्या पाण्याक हात लावचो नाय, लावल्यान तर तेचा काय ता तू बघून घे, कोंबो गोड मानून घे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

सगळे ओरडले. त्यांत परशुरामही ओरडला, डोळे मिटूनच.

काकी वळली. "पर्शा, कशाक व्हय म्हटलस, ता कळला?" तो हसला आणि मग हळूहळू हसायचा थांबला. तेव्हा काकीनं दोन्ही गाऱ्हाणी, त्याचं आणि आपलं, एक एक शब्द सुटा करून सगळ्यांना पुन्हा सांगितली. चुलीवरचं आधण तेवढं वाजत होतं. जो तो आपल्या शेजाऱ्याकडे पाहत होता, जणू मघाशी शेजारीच ओरडला होता.

"बायकांनी गाऱ्हाणा घालूचा नसता!" परशुराम ओरडला. "ह्या धरूचा नाय!" त्यानं महादूकडे पाहिलं. महादू आयुष्यात कधी कुणाच्या अध्यात-मध्यात पडलेला नाही, पण त्यालाही जेवणाआधी निकाल हवा होता. तो म्हणाला, "तू व्हय म्हटलस मा? आयकणाऱ्यान आयकला. आता माझ्या हातात काय नाय." परशुरामानं बावीकडे पाहिलं, नारळाकडे पाहिलं, आणि पाणी मागायला हात पुढे केला. त्याला कुणी पाणी दिलं नाही. मग कोंबडी-वडे झाले आणि ज्याला सगळ्यांनी शिव्या घातल्या त्याच्याच घरचं सगळे पोटभर जेवले. जितेंद्रनं रस्सा दोनदा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी परशुरामानं शेडमधली फरशी उचलली आणि पहार घेऊन आपली भिंत आपणच फोडली. पश्चात्ताप वगैरे झाला असेल असं कुणी समजू नये. तो फक्त घाबरला होता. पहिले काही तास लाल गढूळ पाणी आलं, मग स्वच्छ. काकी बावीच्या काठावर बसून होती. संध्याकाळी तिनं राजूची एक गाठ सोडली आणि संचिताला फोन लावून सांगितलं, "मी येयत नाय. घर उघडा आसा, तूच ये चतुर्थीक." एवढं बोलून ती रडली, आणि मीही रडले, आणि मग आम्ही दोघींनी परशुरामाला मनसोक्त शिव्या दिल्या.

इथे ही गोष्ट संपली असती तर मला आमच्या वाडीबद्दल बरं बोलता आलं असतं. पण परशुरामाचा कारखाना बंद पडला नाही. आता टँकर येतो, शेडमध्ये पाणी ओततो आणि जातो. कुठल्या गावाच्या विहिरीतून येतो ते विचारलं की परशुराम शुद्ध मराठीत उत्तर देतो, आणि तो शुद्ध बोलायला लागला की पुढे विचारण्यात अर्थ नसतो. लेबलावर डोंगर तोच, हंस तोच. आणि विकत कोण घेतं? आम्हीच! जिच्यासाठी एवढं रामायण झालं ती बाव काठोकाठ भरली, पण तिच्यावर कळशी घेऊन कुणी येत नाही. सवय मोडली. जार दारात येतो, बावीवर चढण चढावी लागते. काकी सकाळी एकटीच पाणी काढते. पूर्वी तिथे बायकांचा कलकलाट असे, आता रहाटाचा आवाज लांबवर ऐकू येतो.

चतुर्थीला संचिता आली, मुलाला घेऊन. रिक्षातून उतरतानाच तिच्या हातात हिमानंदीची बाटली होती. काकी तांब्या आणि गूळ घेऊन ओटीवर उभी. मुलगा तांब्याकडे धावला तर संचिता म्हणाली, "नको राजा, विहिरीचं नको. आई, रागावू नकोस, पण त्याच्या पोटाला सवय नाही." काकी तांब्या घेऊन आत गेली. मी तिथेच होते आणि माझा असा संताप झाला की संचिताला दोन शब्द सुनवावेत असं वाटलं. याच पाण्यासाठी तुझी आई देवासमोर उभी राहिली, हे तिला कोण सांगणार!

दुसऱ्या दिवशी मी मागच्या दारानं गेले तर काकी न्हाणीपाशी उकिडवी बसून रिकाम्या बाटल्या धूत होती. हिमानंदीच्या, लेबलासकट, लेबल भिजू नये अशा बेतानं. चुलीवर बावीचं पाणी उकळून गार करायला ठेवलेलं. एकेक बाटली भरत होती, बूच घट्ट फिरवत होती आणि फळीवर मांडत होती. मी म्हटलं, "काकी, ह्या काय? तेचा नाव तू आपल्या पाण्यार लावतस?"

"पॉर पाणी पिता मा?" ती म्हणाली. "माझ्या बावीचा पिता. कागद काय पोटात जाता?" आणि तिनं पुढची बाटली घेतली.

संध्याकाळी परशुराम गणपतीच्या दर्शनाला आला. घरात संचिता, तिचा मुलगा, शेजारचे, बरेच लोक होते. आरतीनंतर काकीनं सगळ्यांपुढे बाटल्या ठेवल्या. परशुरामानं आपली बाटली पाहिली आणि त्याची मान ताठ झाली. वयनी अखेर ताळ्यावर आली असं त्याला वाटलं असणार. त्यानं बूच काढलं, घोट घेतला आणि थांबला. मग उरलेली बाटली एका दमात संपवली. आजूबाजूचे म्हणत होते, यंदा हिमानंदीची चव सुधारली हां.

"तर!" परशुराम रिकामी बाटली उंच धरून म्हणाला, "हेका म्हणतत पाणी. हिमालयाचा आसा!"

खांबाला टेकून उभ्या असलेल्या काकीनं हात जोडले.

"व्हय महाराजा," ती म्हणाली.